पडद्यावरील आजोबा आणि समोरील आजोबा
(ज्ञातिगृहातील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या स्थानावर उभे राहून बोलण्याची आपली योग्यता नाही, असे या व्यासपीठावरून प्रत्येक वक्ता गेली कित्येक वर्षे सांगत आला आहे. तेवढा रिवाज पाळून आम्ही विषयाकडे वळतो. ज्येष्ठ सभासदांसाठी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी या सभागृहात जे चित्रपट दाखविले जातात, त्यांविषयी चार शब्द बोलावेत, असे चिटणिसांनी आम्हास फर्मावले आहे. चित्रपटकलेतले आम्हास फारसे कळते असे नाही. तथापि एक अधिकार आमच्यापाशी आहे. या कार्यक्रमात दिवे मालविण्याचे आणि लावण्याचे काम आमच्याकडे असते. दिव्यांची बटणे पडद्याशेजारच्या भिंतीवर आहेत, म्हणून आमची खुर्चीही तेथेच असते. तेथून पडदा तिरपा दिसतो आणि प्रेक्षक समोर दिसतात. दोन वर्षांत वीस-बावीस चित्रपट झाले. ते आम्ही अर्धेमुर्धे पाहिले असतील. परंतु ते पाहणारी माणसे मात्र पुरती पाहिली.

आरंभी आम्हा कार्यकर्त्यांची समजूत अशी होती, की वयोवृद्ध मंडळींना संतपट दाखवावेत. त्याप्रमाणे १९३६ सालचा 'संत तुकाराम' प्रथम लावला. मंडळींनी हात जोडले, डोळे मिटले, आणि मध्यंतरापर्यंत निम्म्यांचे डोळे मिटलेलेच राहिले. हा चित्रपटाचा दोष नव्हे. विष्णुपंत पागनिसांची ती भूमिका आजही तशीच तेजस्वी आहे. दोष आमच्या समजुतीचा होता. म्हाताऱ्या माणसांस देवाचेच सांगावे, असे जे आपण गृहीत धरतो, ते त्यांस विचारून धरीत नाही. तिसऱ्या महिन्यात एका भगिनीने स्पष्टच सांगितले, "देव आम्ही घरी रोज पाहतो. इथे काही हसायचे लावा."

तेव्हापासून आम्ही अशा चित्रपटांचा शोध घेऊ लागलो, की ज्यांत मुख्य पात्रेच साठी-सत्तरीची आहेत, कोणी कोणास मारीत नाही, आणि हसू येते ते माणसाच्या स्वभावाचे. असे चित्रपट संख्येने थोडे आहेत. पण आहेत ते चांगले आहेत. आणि त्यांच्या वेळी सभागृहात जे घडते, ते देवाच्या चित्रपटाच्या वेळी घडत नाही.

'१०२ नॉट आऊट' या चित्रपटाचे उदाहरण घेतो. तो २०१८ मध्ये आला. सौम्य जोशी यांच्या गुजराती नाटकावरून उमेश शुक्ल यांनी तो केला. त्यात एकशे दोन वर्षांचा बाप आणि पंचाहत्तर वर्षांचा मुलगा आहे. बाप उत्साही, मुलगा मात्र स्वतःला म्हातारा समजून गोधडी पांघरून बसलेला. बाप ठरवितो, की जगात सर्वांत दीर्घकाळ जगल्याचा विक्रम आपण मोडावयाचा, आणि त्यासाठी या कंटाळवाण्या मुलाला घरातून वृद्धाश्रमात धाडावयाचे. बापाची भूमिका अमिताभ बच्चन यांची, मुलाची ऋषी कपूर यांची. अमिताभ तेव्हा स्वतः पंचाहत्तर वर्षांचे होते, म्हणजे जे वय ऋषी कपूर यांनी वठविले, ते प्रत्यक्षात अमिताभ यांचे होते. हा हिशेब आम्ही केलेला नाही. तो दुसऱ्या रांगेतल्या तिघा सद्गृहस्थांनी दिवे मालवल्यानंतर पहिल्या पाच मिनिटांत, बऱ्याच मोठ्या आवाजात केला. वडीलधारे प्रेक्षक पडद्यावर माणूस दिसला, की प्रथम त्याचे वय काढतात. मग रंगभूषा तपासतात. "कातडी रंगवली, पण पाठीचा बाक खोटा आहे," असे एकाने सांगितले, आणि त्यांच्या स्वतःच्या पाठीकडे पाहता तो अभिप्राय अधिकारवाणीचा होता.

ऋषी कपूर गोधडी पांघरून प्रथम दिसले, त्या वेळी बायकांच्या रांगांतून एक आवाज उठला. त्याला हसू म्हणावे, की सुस्कारा, हे आम्हास अजून ठरविता आलेले नाही. मागाहून उलगडा झाला. आज ज्या भगिनी सत्तरीच्या आसपास आहेत, त्या १९७३ मध्ये 'बॉबी' आला तेव्हा महाविद्यालयात होत्या, किंवा नुकत्या सासरी आल्या होत्या. त्यांनी ज्याला अठरा-वीस वर्षांचा पाहिला, तो त्यांच्या डोळ्यांदेखत मफलर बांधून, औषधाच्या गोळ्या मोजीत बसला होता. तरुण प्रेक्षकाला पडद्यावर एक विक्षिप्त म्हातारा दिसतो. यांना आपल्याबरोबर म्हातारा झालेला माणूस दिसतो. या चित्रपटांच्या हसण्यात जो ओलावा असतो, त्याचे मूळ पुष्कळसे येथे आहे. ऋषी कपूर ३० एप्रिल २०२० रोजी निवर्तले. आमच्याकडे चित्रपट लागला तो त्यानंतर. त्यामुळे तो आवाज अधिकच गहिरा होता.

या चित्रपटात सर्वांत मोठा हशा कोठे पिकला, ते सांगतो. बाप मुलाला म्हणतो, की तुला वृद्धाश्रमात पाठवितो, तेथे! अख्खे सभागृह हलले. काठ्या जमिनीवर आपटल्या. त्याच वेळी मागील दाराशी, वडिलांना घरी नेण्याकरिता लवकर आलेले चार-पाच मुलगे उभे होते. तेही हसले, पण हसून झाल्यावर त्यांनी एकमेकांकडे पाहिले नाही. पुढे परदेशी स्थायिक झालेला नातू येतो-येतो म्हणतो आणि येत नाही, तो भाग लागला. तेथे मात्र विलक्षण शांतता. आपल्या ज्ञातीत असे घर विरळा, की ज्याचे एक तरी मूल समुद्रापलीकडे नाही. त्या शांततेत एका आजींच्या पिशवीतील मोबाइल वाजला. त्यांनी घाईने काढून पाहिला, आणि तसाच परत ठेवला.

'पिकू'चा अनुभव निराळा. २०१५ सालचा हा चित्रपट शूजित सरकार यांचा, लेखन जुही चतुर्वेदी यांचे. दिल्लीत राहणारे सत्तर वर्षांचे भास्कर बॅनर्जी, त्यांची नोकरी करणारी मुलगी, आणि बाबांचा बद्धकोष्ठ. एवढ्यावर सारा चित्रपट उभा आहे. मोटारीच्या टपावर बाबांची शौचाची खुर्ची बांधून मंडळी दिल्लीहून कलकत्त्यास निघतात. हा चित्रपट लावावा की नाही, याविषयी आमच्यापैकी काहींना संकोच होता. प्रत्यक्षात संकोच तरुणांनाच झाला. नाती-नातवंडे तोंडावर रुमाल धरून हसत होती. आजी-आजोबा मोकळेपणाने हसले, कारण त्यांच्या दृष्टीने तो विनोद नव्हता, तो दिनक्रम होता. चहाच्या वेळी इसबगोल आणि त्रिफळा यांच्या गुणदोषांवर जी चर्चा सुरू झाली, ती आवरता आवरेना. शेवटी दिवे मालवून मंडळींना घालवावे लागले.

परंतु 'पिकू'त आम्हास खरी नवलाची गोष्ट दिसली ती शेवटी. भास्करबाबू कलकत्त्यात एकटेच सायकल घेऊन शहरभर हिंडतात, रस्त्यावरचे आवडते पदार्थ खातात, आणि पुढे रात्री झोपेतच त्यांचा अंत होतो. सोबत आलेल्या सुना-मुलींनी डोळ्यांस पदर लावला. ज्येष्ठांच्या रांगा मात्र शांत होत्या, नव्हे, प्रसन्न होत्या. एक आजोबा शेजाऱ्यास म्हणाले, "सुटला गडी. आणि खाऊन सुटला." लेखिकेने तो शेवट कोणासाठी लिहिला असेल, हे आम्हास ठाऊक नाही. रडले ते मागे राहणारे. ज्यांची जाण्याची वेळ जवळ आली आहे, त्यांना तो शेवट शुभ वाटला.

'व्हेंटिलेटर' हा मराठी चित्रपट, २०१६ सालचा, राजेश मापुसकर यांचा. गणपती तोंडावर आले असता घरातील वडील माणूस रुग्णालयात यंत्रावर आहे, आणि गावोगावचे नातलग तेथे जमले आहेत. सण करावयाचा की नाही, नळी काढावयाची की नाही, आणि डबा कोणी आणावयाचा. आशुतोष गोवारीकर, जितेंद्र जोशी यांच्यासमवेत त्यात सतीश आळेकर आहेत. हे तेच आळेकर, ज्यांनी १९७४ मध्ये 'महानिर्वाण' लिहून मृत्यूच्या प्रसंगी माणसे कशी वागतात, हे मराठी रंगभूमीला हसत हसत दाखविले. या चित्रपटाला आमच्याकडे हसू भरपूर आले, पण ते चोरटे हसू होते, कारण पडद्यावर प्रत्येकाला आपल्याच घरची माणसे ओळखू येत होती. चित्रपटानंतर दोन सभासद आमच्यापाशी आले. यंत्रावर ठेवावे की नाही, हे आपले आपण आधी लिहून ठेवता येते काय, असे त्यांनी विचारले. येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा लेखास मान्यता दिली, आणि त्याची किचकट पद्धत २०२३ मध्ये सुलभ केली. 'लिव्हिंग विल' असे त्यास म्हणतात. त्या विषयावर एका वकिलांचे व्याख्यान आपण मागाहून ठेविले, आणि त्यास संतपटापेक्षा अधिक गर्दी झाली.

'बधाई हो' विषयी थोडक्यात सांगतो. २०१८ च्या या चित्रपटात लग्नाच्या वयाचा मुलगा घरात असताना आईला पुन्हा दिवस जातात, आणि घरातील आजी सुनेला टोचून टोचून बोलते. मग नातेवाइकांसमोर तीच आजी त्याच सुनेची बाजू घेऊन उभी राहते. ही आजी सुरेखा सिक्री यांनी रंगविली. तो प्रसंग आला तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या, आणि त्या सासवांनी वाजविल्या. सुनांना थोडा वेळ लागला. सिक्री यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो घ्यावयास त्या चाकांच्या खुर्चीतून गेल्या होत्या. २०२१ मध्ये त्या गेल्या.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडातील काही निवृत्त माणसे जयपूरच्या एका मोडकळीस आलेल्या हॉटेलात राहावयास येतात, अशी कथा असलेला 'द बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल' हा जॉन मॅडन यांचा चित्रपट २०१२ मध्ये तिकडे लागला. ज्यूडी डेंच, मॅगी स्मिथ, बिल नाय, सारी प्रौढ मंडळी. सुमारे एक कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभर तेरा कोटींहून अधिक मिळविले, कारण एरवी चित्रपटगृहाची पायरी न चढणारी वयस्क माणसे तो पाहावयास मोठ्या संख्येने आली. चित्रपटाचा धंदा करणाऱ्यांस त्याचे आश्चर्य वाटले. आम्हास त्यांच्या आश्चर्याचे आश्चर्य वाटते. म्हाताऱ्यास हसण्याची हौस नसते, हे त्यांना कोणी सांगितले?

असो. आता ज्या चित्रपटासाठी आम्ही हे भाषण मनातल्या मनात महिनाभर टाळत होतो, त्याकडे वळतो.

गेल्या वर्षी कार्यकारी मंडळाच्या बैठकीत 'खट्टा मीठा'चे नाव निघाले. बासू चटर्जी यांचा हा चित्रपट १९७८ सालचा. एका पारशी विधुराची आणि एका विधवेची ही कथा. होमी मिस्त्री आणि नर्गिस सेठना अशी त्यांची नावे. दोन्ही घरी मुले वाढलेली. होमीचा मित्र पुढाकार घेऊन दोघांची गाठ घालून देतो. मुले आधी फुरंगटतात, मग एका छपराखाली भांडतात, मग हळूहळू एक होतात. अशोककुमार तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. नर्गिस झाल्या होत्या पर्ल पदमसी. आणि तो मित्र म्हणजे डेव्हिड, आपल्या कोकणच्या बेने इस्रायली समाजातील डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चित्रपटात आक्षेपार्ह असे काही नाही. लहान मुलांसह पाहावा, इतका तो सोज्वळ आहे.

तरीही बैठकीत मतभेद झाला. एका सदस्यांचे म्हणणे, की पारशी लोकांचे ठीक आहे, आपल्यात हे शोभत नाही. दुसऱ्यांचे म्हणणे, की नातवंडांदेखत आजोबांच्या लग्नाची गोष्ट दाखवून आपण काय साधणार? आम्ही म्हणालो, "लोक काय म्हणतील, याचाही विचार व्हावा." हे वाक्य इतिवृत्तात आमच्या नावावर आहे. तेव्हा बैठकीतील सर्वांत ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या, "मी एकोणऐंशीची आहे. माझ्या चारित्र्याची काळजी मंडळाने आता सोडली तरी चालेल." हशा झाला. मत घेतले गेले. एका मताच्या अधिक्याने चित्रपट मंजूर झाला. आमचे मत विरोधात पडले होते.

त्या विरोधाचे कारण आम्ही बैठकीत सांगितले नव्हते. ते आज सांगतो.

आमची आई १९७३ मध्ये वारली. मागे वडील, आम्ही आणि दोन धाकट्या बहिणी. घर सांभाळावयास आत्याबाई आल्या. त्या स्वतः बाविसाव्या वर्षी विधवा झालेल्या. वडील रेल्वेत कारकून होते. १९७८ मध्ये ते पन्नास वर्षांचे होते. आज आम्ही त्या वयाच्या किती पुढे आलो आहोत, आणि तेव्हा आम्हास ते किती म्हातारे वाटत होते! वडिलांचा स्वभाव अबोल. घरात ते मोठ्याने हसल्याचे आई गेल्यापासून कोणास आठवत नव्हते. एका रविवारी त्यांनी स्वतःहून पाच तिकिटे आणली आणि दादरच्या एका चित्रपटगृहात आम्हा सर्वांना 'खट्टा मीठा' दाखविला.

त्या दिवशी वडील हसले. आधी हळू, मग खांदे हलवून, मग असे, की चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसावा लागला. आम्ही पडदा सोडून त्यांच्याकडेच पाहत होतो, कारण पडद्यापेक्षा ते दृश्य अपूर्व होते. बाहेर पडलो. वडील पुढे चालत होते. आत्याबाई म्हणाल्या, "काय बाई थेरं एकेकाची! पोरं लग्नाला आली, आणि बाप निघाला बाशिंग बांधायला." बहिणी हसल्या. आम्हीही हसलो. आणि आमचे वय एकोणीस असल्यामुळे, व आपल्या घराण्याचा आपणास मोठा अभिमान असल्यामुळे, आम्ही म्हणालो, "आमचे बाबा नाहीत हो तसले."

वडील थांबले. "नाही रे बाबा," असे म्हणाले. कोपऱ्यावर केळेवाला होता. त्याच्याकडून अर्धा डझन केळी घेतली, पिशवी आमच्या हाती दिली, आणि आम्ही घरी आलो. त्यानंतर त्यांनी आम्हास कधी चित्रपट दाखविला नाही, स्वतःही पाहिल्याचे ऐकिवात नाही.

१९९९ मध्ये ते गेले. तेराव्याला त्यांचे रेल्वेतील एक स्नेही आले होते. बोलता बोलता ते सहज म्हणाले, की त्याच सुमारास वडिलांना एक स्थळ आले होते. बाई शिक्षिका, आपल्याच ज्ञातीतल्या, निपुत्रिक. वडिलांनी महिनाभर विचार केला, आणि मग नाही म्हणून कळविले. हे चित्रपटाच्या आधी घडले की नंतर, ते त्यांना आठवत नव्हते. आम्हीही खोदून विचारले नाही. विचारावयास हवे होते की काय, हा प्रश्न आमच्यापाशी गेली पंचवीसहून अधिक वर्षे आहे. वडील आणखी एकवीस वर्षे जगले. बहिणींची लग्ने झाली, आत्याबाई गेल्या, आमचाही संसार वाढला. ते संध्याकाळी गॅलरीत बसत. आम्ही त्यांना काहीही कमी पडू दिले नाही, असे आम्ही सर्वांना सांगत असू.

तर मंडळी, ज्या रविवारी या सभागृहात 'खट्टा मीठा' लागला, त्या दिवशी दिव्याचे बटण दाबताना आमचा हात जड झाला होता.

गर्दी नेहमीपेक्षा दुप्पट होती. ज्या गोष्टीवर मतभेद झाल्याचे बाहेर कळते, तिला गर्दी होतेच. चित्रपट सुरू झाला. अशोककुमारांचा तो भाबडा, थोडा गोंधळलेला चेहरा दिसताच हसू सुरू झाले. हे हसू दोन ठिकाणांहून येत होते, आणि दोन प्रकारचे होते. मागच्या रांगांत मुले-सुना होत्या. ती मंडळी हसत होती ते पाहून, की म्हातारा माणूस लग्नाच्या गोष्टीने कसा लाजतो. पुढच्या रांगा त्या ठिकाणी गप्प होत्या. त्यांचे हसू फुटले ते निराळ्या ठिकाणी: मुलांना सांगावयाचे कसे, या विचाराने दोघे हैराण होतात, तेथे. बायको-नवऱ्याची भीती नव्हे, समाजाची भीती नव्हे. स्वतःच जन्म दिलेल्या, स्वतःच्याच ताटात जेवलेल्या पोरांची भीती. हा विनोद मागच्या रांगांना तेवढासा कळला नाही. पुढच्या रांगा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मधूनच कोणी तरी पडद्यावरच्या होमीला मोठ्याने सल्ला दिला, "अरे, सांगून टाक एकदाचे! काय मारतील का?" त्यावर पुन्हा हशा.

मुले आपल्या बापावर रुसतात, त्या भागात हशा थांबला. आम्ही तिसऱ्या रांगेकडे पाहिले. तेथे आपले एक सभासद बसतात. वय बहात्तर, सात वर्षांपूर्वी पत्नी वारलेली, शिस्तीचे, इस्त्रीच्या सदऱ्याशिवाय न दिसणारे, कोणाशी चार शब्द अधिक न बोलणारे. ते काठीच्या मुठीवर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी ठेवून एकटक पाहत होते. अर्ध्या तासापूर्वी हेच गृहस्थ चष्मा काढून रुमालाने पुसत होते. आम्ही ते पाहिले आणि मान वळविली.

दिवे लावले. चहा झाला. मंडळी पांगली. ते गृहस्थ मात्र बटणांपाशी आले, आणि पंखा किती वेगाने फिरतो, याची चौकशी केल्यासारखे वर पाहत म्हणाले, "आपल्या वधूवर नोंदणीच्या पुस्तकात वयाची काही अट असते का हो? नाही, आमच्या एका स्नेह्यांना हवे होते."

आम्ही म्हणालो, की पाहून सांगतो.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन आम्ही तो छापील अर्ज काढला. वयाची अट नाही. परंतु अर्जात एक रकाना आहे: 'पालकाचे नाव व व्यवसाय'. आणि खाली: 'पालकाची सही'. हा अर्ज मंडळाने पूर्वी कधी तरी छापला, तेव्हा वधूवर म्हणजे विशी-पंचविशीचेच असणार, हे उघड होते. आता बहात्तर वर्षांच्या अर्जदाराने पालक म्हणून कोणाचे नाव घालावे? आईवडील केव्हाच निवर्तले. मग मुलाचे घालावयाचे, आणि त्याची सही आणावयाची? आम्हास क्षणभर हसू आले, आणि मग ते विरले. १९७८ मध्ये अर्जावर सही मागितली गेली असती, तर ती आमची असती. ती आम्ही रस्त्यातच, केळेवाल्याच्या कोपऱ्यावर, न मागता देऊन टाकली होती, आणि ती नकाराची होती.

हा विषय केवळ विनोदाचा नाही, हे आम्ही जाणतो. उतारवयातील विवाहात घर, वारसा, निवृत्तिवेतन, मुलांचे मन, असे खरे प्रश्न असतात. त्या सर्वांची उत्तरे एका चित्रपटात नाहीत. 'खट्टा मीठा'तही भांडणे आहेतच. कोणी एकटे राहणे पसंत करील, तेही त्याचेच. आमची आत्याबाई त्या दिवशी जे बोलल्या, त्यात त्यांची स्वतःची बाविसाव्या वर्षी मिटलेली वाट होती, हे आम्हास फार उशिरा कळले. म्हणून आम्ही कोणास उपदेश करावयास उभे नाही. अर्जातील एका रकान्यापुरतेच आमचे म्हणणे आहे.

उद्या सकाळी दहा वाजता सर्वसाधारण सभा आहे. पन्नाशीपुढील सभासदांकरिता वधूवर नोंदणीचा स्वतंत्र अर्ज असावा, त्यात पालकाचा रकाना नसावा, आणि ती नोंद चिटणिसांखेरीज कोणास दाखविली जाऊ नये, असा ठराव विषयपत्रिकेवर आहे. ठराव मांडणार आहेत त्या एकोणऐंशीच्या, म्हणजे आता ऐंशीच्या, भगिनी. अनुमोदन आमचे आहे. ज्यांस विरोध करावयाचा आहे त्यांनी अवश्य करावा. गेल्या वर्षी आम्हीच केला होता, त्यामुळे विरोधकांची बाजू आम्हास चांगली ठाऊक आहे.

आणखी एक सूचना. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी १९८२ सालचा 'शौकीन' लावण्याचे ठरले आहे. अशोककुमार, उत्पल दत्त आणि ए. के. हनगल हे तीन म्हातारे गोव्यास जातात, अशी गोष्ट आहे. यालाही बैठकीत विरोध झाला, पण थोडा. चहा साडेतीन वाजता. ज्यांचे चिरंजीव न्यावयास येतात, त्यांनी त्यांना शेवटी येण्याऐवजी आरंभीच येऊन बसण्यास सांगावे. मागे खुर्च्या मोकळ्या असतात.